कोपरा फाटलेलं पाकीट

मी एका परदेशी बाईंचं पत्र न वाचता बंबात घातलं. पुढे जे जे झालं ते त्या एका गोष्टीपायी झालं, आणि आज लोणावळ्यात हे ठाऊक असलेली मी एकटीच उरले आहे. श्रीपादराव मास्तर गेल्या वर्षी वारले. आता लिहून टाकायला हरकत नाही असं मनाला सांगते. हरकत आहे, पण हे ओझं आता मला उचलवत नाही.

मी झुंबर, मूळची आंदर मावळातली. नवऱ्याने दुसरी केली आणि मला घराबाहेर काढलं. तेव्हा माझे वडील कोंडाजी मला घेऊन दीड दिवस चालत लोणावळ्याला आले आणि अरुंधतीबाईंच्या मुलींच्या शाळेच्या दारात उभे राहिले. "सैपाक येतो हिला," ते म्हणाले, "पर त्वांड लय चालतं. तेवढं सांभाळून घ्या." बाई हसल्या. म्हणाल्या, "चालू दे. मुक्या मुली माझ्याकडे पुष्कळ आहेत." त्या दिवसापासून मी तिथलीच झाले. शाळेत राहणाऱ्या मुलींचा स्वयंपाक मी करायचे, बाईंचं दुखलंखुपलं मी बघायचे. बाईंनी मला मराठी लिहाय-वाचायला शिकवलं. इंग्रजीही शिक म्हणून त्या मागे लागायच्या. मी चुलीचं निमित्त सांगायचे. त्या निमित्ताचा मला आज इतका राग येतो की सांगायची सोय नाही.

बाई तळेगावच्या बड्या घरातल्या. चौदाव्या वर्षी विधवा झाल्या, त्याच आठवड्यात न्हावी बोलावून त्यांचं केशवपन केलं. पुढे चोरून शिकल्या, तिशीत घर सोडलं आणि लोणावळ्याला भाड्याच्या जागेत सात मुलींची शाळा काढली. लोकांनी दगड मारले, शेण मारलं. त्या काळात इंग्लंडातल्या ब्रिस्टल गावच्या एका म्हाताऱ्या बाईंशी त्यांचा पत्रव्यवहार जमला. त्या बाईंची एक मैत्रीण समुद्रापलीकडे अमेरिकेत होती, बोस्टनजवळ. मरण्याआधी ब्रिस्टलच्या बाईंनी दोघींना एकमेकींचे पत्ते कळवले आणि लिहिलं की, मी चालले, आता तुम्ही दोघी एकमेकींना धरून राहा. ही गोष्ट १८८६ सालची. अमेरिकेतल्या बाईंचं नाव लिडिया फेरॉल. त्यांच्या आईवडिलांनी तिकडच्या गुलामांना सोडवण्यासाठी जन्म घालवला होता, आणि त्या स्वतः बायकांच्या मतासाठी आणि शाळांसाठी झगडत होत्या. आमच्याकडे सगळे त्यांना लिडाबाई म्हणत.

विलायतेची टपाल शनिवारी यायची. बाई ओसरीवर बसून पत्र वाचायच्या आणि मी तांदूळ निवडता निवडता ऐकायचे, कारण त्या एकेक वाक्य मराठीत सांगत जायच्या. लिडाबाईंच्या गावचा बर्फ, त्यांची लंगडी मांजर, सभेत त्यांच्यावर ओरडणारे पुरुष, सगळं मला पाठ झालं होतं. एकदा मी म्हणाले, "तितं बी बायांना मत न्हाई? मग आपल्याला काय शिकवत्यात त्या?" बाईंनी ते तसंच्या तसं लिहून पाठवलं. अडीच महिन्यांनी उत्तर आलं, झुंबरला सांगा, तिचं बरोबर आहे. मी आठ दिवस हवेत होते.

पण या मैत्रीत एक काटा होता, आणि तो मी यायच्या आधीचा होता. १८९३ साली बाईंनी लिडाबाईंना स्वतःच्या केशवपनाची हकिकत लिहिली. न्हावी कसा आला, आईने हात कसे धरले, आरशावर फडकं कसं टाकलं, सगळं. जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. लिडाबाईंनी ते पत्र तिकडच्या एका मासिकात छापलं, बाईंच्या नावगावासकट. हेतू चांगलाच असणार. अमेरिकेतल्या बायकांना पाझर फुटावा एवढाच. पण मासिक फिरत फिरत इकडे आलं, एका वर्तमानपत्राने त्याचं भाषांतर केलं आणि वर चार टवाळीच्या ओळी जोडल्या. तळेगावच्या भावाने निरोप धाडला की, घरची अब्रू परमुलखात नेऊन टांगलीस, आता आईच्या मयतीलाही येऊ नकोस. त्या गेल्या नाहीत. त्यांना कळवलंच नाही.

दोन वर्षं बाईंनी लिडाबाईंना पत्र लिहिलं नाही. मग हळूहळू पुन्हा सुरू झालं, पण त्या छापण्याचा विषय दोघींपैकी कुणीच काढला नाही. इकडे शाळेचं, तिकडे मतांचं, मांजरीचं, सगळं लिहायच्या. ते मात्र नाही. मला बाईंनी एकदाच सांगितलं होतं. म्हणाल्या, "झुंबर, माझ्या आईने माझं डोकं एकदा भादरलं. लिडियाने दुसऱ्यांदा."

१९१८ साली मानमोडीच्या तापाची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची, साथ आली. मावळात माणसं पटापटा मरत होती. शाळा बंद केली, मुली घरोघर पाठवल्या. इंग्रजी शिकवणारे श्रीपादराव मास्तर तळेगावला गेले, कारण त्यांच्या घरात तिघं अंथरुणावर होती. बाईंनाही ताप भरला. डॉक्टर म्हणाले, काळीज नाजूक झालंय, वाईट बातमी कानावर जाऊ देऊ नका, आणि गार वारा, गार पाणी अजिबात नको.

आणि बातम्या तर रोज येत होत्या. आपल्याकडे कुणी गेल्याचं कळवताना कार्डाचा कोपरा फाडतात. असलं कार्ड घरात आणत नाहीत. उंबऱ्याबाहेर वाचतात, तिथेच फाडतात, आणि जवळचं माणूस असेल तर अंगावर पाणी घेतात. बाईंनी जन्मभर या प्रकाराची थट्टा केली. "कोपऱ्याने काय केलंय?" म्हणायच्या. पण त्या आत निजलेल्या आणि दारात मी. पोस्टमन अंबाजी फाटक्या कोपऱ्याचं कार्ड लांबूनच दाखवायचा, मी फाटकाशी जायचे, तो वाचायचा. कार्ल्याची शालू गेली, खंडाळ्याची सखू गेली. आमच्याच शाळेतल्या मुली. मी कार्ड फाडून मागल्या दारच्या बंबात टाकायचे, आंघोळ करायचे आणि बाईंसाठी पेज घेऊन आत जायचे. अशी अकरा कार्डं आली त्या महिन्यात.

बारावं पाकीट होतं. अमेरिकेचं. लिडाबाईंचं अक्षर मला ओळखू यायचं, पण साथीत डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि माझं लक्ष गेलं ते कोपऱ्याकडेच. उजवीकडचा वरचा कोपरा पार फाटलेला.

"लिडाबाई गेल्या वाटतं," अंबाजी म्हणाला. "वय बी झालंतं. आतलं मला वाचता येनार न्हाई, इंग्रजी हाये."

"मास्तर न्हाईत हितं. ठिवू का?"

"असलं पत्र घरात ठिवत्यात व्हय? तेबी आजारी मानूस असताना?"

मी ठेवलं नाही. अकरा पत्रांना जे केलं तेच बाराव्याला केलं. आज कळतं की त्या कोपऱ्यावर तिकीट होतं. परदेशी तिकिटाचा कुणाला तरी मोह झाला असेल, बोटीत, मुंबईत, कुठेही. लढाईच्या दिवसांत पत्रं उघडून बघायचे, तिथेही फाटलं असेल. माझ्या मनात यातलं काही आलं नाही. पाकीट जाड होतं, पेटायला वेळ लागला. मी उभी राहून ते जळताना बघितलं आणि लिडाबाईंसाठी रडले.

तीन आठवड्यांनी बाई उठून बसायला लागल्या. अंगात जीव नव्हता, पण शनिवार आला की विचारायच्या, टपाल आली का? मी न्हाई म्हणायचे. चौथ्या शनिवारी त्यांनी लिहायला कागद मागितला. लिडियाला आजाराचं कळवते म्हणाल्या. मेलेल्या बाईला पत्र लिहायला बसलेली ही म्हातारी मला बघवेना. मी रडायला लागले आणि सांगून टाकलं.

"कुणी कळवलं?" त्यांनी विचारलं.

"पत्र आलंतं. मास्तर मधी एक दिस आलते, त्यांनी वाचलं."

हे मी का बोलले? कोपरा बघून जाळलं म्हणाले असते तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं, म्हणून. एवढीशी लाज वाचवायला मी खोटं बोलले. बाईंना जगाच्या रीती ठाऊक होत्या. त्यांनी त्याच क्षणी ओळखलं असतं की तिकडे असला कोपरा कुणी फाडत नाही. खरं सांगितलं असतं तर त्या जगल्या असत्या.

बाईंनी कागद बाजूला सारला. मग उठल्या. लिडाबाईंचा फोटो त्यांच्या टेबलावर असायचा, त्याला त्यांनी अंगणातल्या शेवंतीची माळ करून घातली. आणि मला म्हणाल्या, "पाणी काढ. मी आंघोळ करणार."

"बाई, डाक्टर न्हाई म्हनलेत. आन् तुमी तर सुतक मानत न्हाई."

"नाही मानत. पण तिचं तिकडे कुणी नाही गं. लग्न नाही, भावंडं नाहीत. कुणीतरी तिच्या नावाने पाणी घ्यायला हवं की नको?"

मी बंब पेटवायला धावले. तो तापेपर्यंत त्यांनी धीर धरला नाही. विहिरीच्या पाण्याचा हंडा भरलेला होता, तो त्यांनी डोक्यावरून ओतून घेतला. नोव्हेंबरातलं लोणावळं, सकाळची वेळ. मी आले तेव्हा त्या थरथरत उभ्या होत्या आणि लुगडं अंगाला चिकटलं होतं. जन्मभर एकही सुतक न पाळलेल्या बाईंनी एक पाळलं, आणि ते जित्या माणसाचं.

संध्याकाळी ताप चढला. पाचव्या दिवशी मास्तर तळेगावहून आले. बाईंनी त्यांना जवळ बोलावून विचारलं, "श्रीपादराव, पत्रात काय होतं नेमकं? त्रास झाला का तिला?" मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले. ते भले माणूस. चाचरत म्हणाले, "नाही बाई. झोपेतच गेल्या." बाहेर आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं आणि ते पायरीवर बसले.

"अगं, ते लोक कोपरा नाही फाडत," ते म्हणाले. "काळ्या कडेचा कागद वापरतात. काळी कड होती का?"

काळी कड नव्हती. पांढरंस्वच्छ पाकीट होतं.

"मंग सांगू या बाईंना. आत्ता जाऊन सांगते."

"काय सांगणार? जिवंत आहे म्हणून? पत्र कुठाय? उद्या खरंच गेलेली निघाली तर बाईंना दोनदा मारायचं का?" मास्तर असं म्हणाले. मला वाटतं त्यांनाही स्वतःच्या 'झोपेतच गेल्या'ची भीती वाटली. आम्ही दोघं पायरीवर बसून राहिलो आणि आत गेलो नाही.

शेवटच्या आदल्या दिवशी बाई शुद्धीवर होत्या. म्हणाल्या, "मला तिला एकदा विचारायचं होतं, छापायच्या आधी मला का नाही विचारलंस. पंचवीस वर्षं विचारायचं राहून गेलं."

मी म्हणाले, "माफ करून टाका बाई त्यास्नी."

"कशी करू? तिने मागितलीच नाही कधी." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या.

जानेवारीच्या अखेरीस एका सकाळी फाटकाशी टांगा थांबला. आतून एक उंच, वाकलेली, पांढऱ्या केसांची गोरी बाई उतरली. फोटो रोज पुसत होते मी. ओळखायला क्षण लागला नाही. माझ्या हातातली परात खाली पडली. ती बाई मला बघून हसली आणि म्हणाली, "झुंबर?"

तिला माझं नाव ठाऊक होतं. मला तिच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता.

मी मास्तरांकडे धावले. त्यांनी तिला बसवलं, आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. लढाईमुळे त्या दुसऱ्या बाजूने, जपानवरून निघाल्या होत्या. तिथे दीड महिना बोट मिळाली नाही. निघायच्या आधी त्यांनी मोठं पत्र टाकलं होतं की मी येते आहे, घर सोडलं आहे, आता त्या पत्त्यावर लिहू नको. जपानहून टाकलेलं दुसरं पत्र त्यांच्या मागून फेब्रुवारीत आलं, ते माझ्याजवळ आहे. मास्तरांनी बाई गेल्याचं सांगितलं तेव्हा त्या टोपीची पिन काढून पुन्हा खोचत राहिल्या.

मग त्यांनी बाईंची खोली बघायला मागितली. टेबलावर त्यांचाच फोटो होता आणि त्याला ती शेवंतीची माळ, वाळून काळी पडलेली. काढायचा मला धीर झाला नव्हता. लिडाबाईंना वाटलं, बाईंनी आपला मान केला. त्यांनी माळेला बोट लावलं आणि त्या रडल्या. आपल्याकडे फोटोला हार कधी घालतात हे मास्तरांनी त्यांना सांगितलं नाही, आणि मीही सांगा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, थडग्यावर न्या. थडगं कुठलं? आम्ही त्यांना इंद्रायणीच्या काठी नेलं, जिथे बाईंना जाळलं होतं. तिथे काही नव्हतं. दगड, वाळलेलं गवत आणि पलीकडे एक म्हैस. सात समुद्र ओलांडून आलेली सत्तर वर्षांची म्हातारी हातात फुलं घेऊन ठेवायला जागा शोधत होती. शेवटी एका दगडावर ठेवली तिने. मला तिची इतकी कणव आली की मी ठरवलं, आत्ता, इथेच, सगळं खरं सांगायचं. मास्तरांना म्हणाले, "मास्तर, मी सांगते ते शब्दाला शब्द सांगा त्यास्नी."

पण लिडाबाईच आधी बोलल्या. बराच वेळ बोलल्या. मग मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या म्हणतात, पंचवीस वर्षांपूर्वी मी तिचं पत्र न विचारता छापलं. मला माफी मागायला तोंड नव्हतं. शेवटी निघताना टाकलेल्या पत्रात मागितली. बारा पानं लिहिली. उत्तर तोंडी घ्यायला आले. ते पत्र तिला मिळालं होतं ना? ती काय म्हणाली?"

बारा पानं. म्हणून ते पेटायला वेळ लागला.

मी त्यांच्याकडे बघितलं. ओठ घट्ट मिटलेले, जणू कुणी आता थोबाडीत मारणार आहे. मी तोंड उघडलं ते खरं सांगायलाच. आणि बोलले ते असं:

"मिळालं. दोनदा वाचलं त्यांनी. म्हनल्या, माफ करायचं काय त्यात, ती भन हाये माजी."

मास्तरांनी ते तसंच इंग्रजीत सांगितलं. लिडाबाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि त्यांच्यावर डोकं टेकलं. त्यांच्या खांद्यांचा थरकाप थांबेपर्यंत मी तशीच उभी होते. चार दिवसांनी त्या परत गेल्या. स्टेशनावर मुलींनी त्यांना शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले.

तीन वर्षांनी अमेरिकेहून एक जाडसर मासिक आलं. मास्तरांनी उघडलं आणि पान माझ्यापुढे धरलं. त्यात बाईंचा फोटो, आणि माझा! शाळेच्या पायरीवर बसलेली मी. कधी काढला होता कोण जाणे. लिडाबाईंनी सगळी हकिकत लिहिली होती. आपली चूक, आपलं पत्र, मरणाच्या दारात ते दोनदा वाचणारी मैत्रीण, तिचे शेवटचे शब्द, आणि ते शब्द जपून ठेवणारी इमानी झुंबर, डोंगरातली कुणब्याची मुलगी, नवऱ्याने टाकलेली. सगळं नावगावासकट. कुणाला न विचारता.

मला आधी हसू आलं. मग असा संताप आला की मी ते मासिक मास्तरांच्या अंगावर फेकलं. बाईंना काय वाटलं असेल ते त्या दिवशी मला पुरतं कळलं. आणि ओरडू कुणावर? माफी तर मीच देऊन बसले होते.

"लिहू का त्यांना, हे खोटं आहे म्हणून?" मास्तरांनी विचारलं.

मी नको म्हणाले. दोन वर्षांनी लिडाबाई गेल्या. त्या वेळी खरोखरच काळ्या कडेचं पत्र आलं.

शाळा आता मोठी झाली आहे. रजनीताई मुख्याध्यापिका आहेत, हुशार आणि मायाळू. मास्तरांनी नाइलाजाने केलेलं त्या लेखाचं मराठी भाषांतर १९२२ पासून दर पुण्यतिथीला सगळ्या मुलींपुढे वाचून दाखवतात. मला पहिल्या रांगेत खुर्ची असते. 'ती माझी बहीण आहे' हे वाक्य आलं की दोनशे मुली वळून माझ्याकडे बघतात, खरंच असं म्हणाल्या होत्या का, म्हणून. गेली एकोणीस वर्षं मी मान हलवते आहे.